डाउनलोड सुरू झाले की लेटन्सीचा आलेख का चढतो? घरगुती ब्रॉडबँडविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत आणि आसपासच्या तालुक्यांत घरोघरी फायबर पोहोचल्यापासून तक्रारींचा सूर बदलला आहे. "नेट येत नाही" यापेक्षा "स्पीड पूर्ण येतो, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो" हे वाक्य अधिक ऐकू येते. ग्राहक पिंगचा (सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो याचा) आलेख काढून ऑपरेटरला पाठवतो, ऑपरेटर स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट उलट पाठवतो, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा दोन्ही चित्रे खरी असतात. त्या दोन चित्रांचा मेळ कसा लावायचा, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरे आहेत.

लेटन्सीच्या आलेखात नेमके काय मोजलेले असते?

आपल्या संगणकावरून किंवा राउटरवरून एक छोटे पॅकेट, म्हणजे माहितीचा लहान तुकडा, ठरलेल्या सर्व्हरकडे जाते, तिथून उत्तर परत येते, आणि या जाण्यायेण्याला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत नोंदवला जातो. हाच विलंब म्हणजे लेटन्सी. त्यासाठीचा पिंग हा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला; आजची आलेख काढणारी बरीच साधने मुळात तेच काम दर सेकंदाला किंवा दर काही सेकंदांना करत राहतात आणि आलेली उत्तरे रेषेवर मांडतात. आडव्या अक्षावर घड्याळ असते आणि उभ्या अक्षावर मिलिसेकंद असतात.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की हा आलेख वेगाचा नाही. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर विलंब अर्ध्या सेकंदाचा असू शकतो आणि दहा एमबीपीएसच्या लाइनवर तो दहा मिलिसेकंदांचा असू शकतो. दुसरी अशी की जाण्याचा आणि येण्याचा वेळ यात एकत्र मोजलेला असतो. आलेख दोनशेवर गेला म्हणजे उशीर जाताना झाला की येताना, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते ताडण्याची युक्ती पुढे अपलोडच्या प्रश्नात दिली आहे.

लाइन रिकामी असताना आपल्या भागात किती लेटन्सी दिसायला हवी?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगलीहून मुंबई रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. केबल त्याच मार्गाने गेली असे मानले तर जाऊन-येऊन केवळ प्रवासाला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. साताऱ्याहून तर त्याहून कमी. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, वाटेत अनेक ठिकाणी यंत्रे असतात, आणि ऑपरेटर आपली वाहतूक पुण्यावरून, हैदराबादवरून किंवा आणखी कुठून फिरवून नेऊ शकतो. त्यामुळे मुंबईतल्या सर्व्हरसाठी दहा-पंधरा मिलिसेकंद दिसले तर ते चांगलेच म्हणावे, आणि तीस दिसले तरी त्यात लाइनचा दोष असेलच असे नाही. मार्ग लांबचा असेल.

सर्व्हर सिंगापूरला असेल तर साठ-सत्तर आणि अमेरिकेत असेल तर दोनशेच्या वर आकडा जाणे हा अंतराचा परिणाम आहे. तो कोणत्याही राउटरने कमी होणार नाही. म्हणून तुलना करताना नेहमी एकच जवळचा पत्ता धरावा. अनेक जण गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता वापरतात. या दोन्ही पत्त्यांवर जगात अनेक ठिकाणांहून उत्तर दिले जाते आणि मार्गानुसार जे ठिकाण सोयीचे पडेल ते उत्तर देते. त्यामुळे एखाद्या दिवशी रेषा बारावरून एकदम अडतीसवर गेली आणि तिथेच सपाट राहिली, तर मार्ग बदलला असे समजावे. भाराचा चढ असा सपाट आणि स्थिर नसतो.

रिकाम्या लाइनवरची ही सर्वांत खालची पातळी म्हणजे आपल्या आलेखाची तळरेषा. पुढचे सारे वाचन या तळरेषेच्या संदर्भात करायचे आहे.

डाउनलोड सुरू करताच रेषा वर का जाते? लाइन खराब आहे का?

बहुतेक वेळा लाइन खराब नसते. पिंगच्या छोट्या पॅकेटपुढे डाउनलोडच्या मोठ्या पॅकेटांची रांग लागलेली असते आणि त्याला त्या रांगेतून यावे लागते, एवढेच घडते.

ऊस पट्ट्यात राहणाऱ्यांना हे चटकन समजेल. कारखाना दिवसाला ठरावीक टनच गाळप करू शकतो. तोडीचा कार्यक्रम न पाळता सगळ्यांनी एकदम ऊस आणला तर गाड्या यार्डात उभ्या राहतात. यार्ड दुप्पट केले म्हणून गाळप वाढत नाही; फक्त दुप्पट गाड्या आत उभ्या राहतात आणि प्रत्येकाचा नंबर लागायला दुप्पट वेळ लागतो. त्यात एखाद्याच्या दुचाकीवर नमुन्यादाखल आणलेली उसाची एक मोळी असली, तरी तिलाही त्याच रांगेत थांबावे लागते. नेटवर्कमधले यार्ड म्हणजे बफर.

जिथे रुंद रस्ता संपून चिंचोळी जागा सुरू होते, तिथल्या यंत्रात पॅकेटे काही काळ साठवण्यासाठी स्मृती ठेवलेली असते. थोडा बफर आवश्यकच असतो, कारण पॅकेटे झुंडीने येतात. परंतु स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रे बनवणाऱ्यांनी "एकही पॅकेट वाया जाऊ नये" या हेतूने बफर वाढवत नेले आणि त्याची किंमत विलंबाच्या रूपात ग्राहकाने मोजली. या दुखण्याला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिले. त्यांना ते प्रथम स्वतःच्या घरच्या जोडणीवर दिसले होते.

हिशेब सोपा आहे. दहा लाख बाइटांचा बफर भरलेला असेल आणि लाइन २० एमबीपीएसची असेल, तर तो रिकामा व्हायला ०.४ सेकंद लागतात. म्हणजे त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पिंगला तळरेषेपेक्षा ४०० मिलिसेकंद जास्त लागणार. १० एमबीपीएसवर तोच बफर ८०० मिलिसेकंदांचा होतो. आपल्या आलेखातल्या चढाची उंची आणि लाइनचा वेग यांवरून रांगेत किती माल साचला होता याचा अंदाज याच पद्धतीने उलटा काढता येतो.

पण डाउनलोड करणारा प्रोग्राम लाइनच्या क्षमतेएवढाच माल का मागवत नाही?

कारण त्याला क्षमता आधी माहीत नसते. इंटरनेटवर पाठवणारा संगणक वेग हळूहळू वाढवत जातो आणि पॅकेट हरवले की "आता पुरे" असा अर्थ घेऊन हात आखडतो. १९८० च्या दशकात नेटवर्क अक्षरशः तुंबून बसत असे. त्यावर उपाय म्हणून व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेली ही शिस्त १९८८ साली प्रसिद्ध झाली, आणि आज लिनक्सवर मूळ निवड असलेली क्युबिक ही पद्धतही त्याच तत्त्वावर चालते. बफर मोठा असला की पॅकेट हरवायलाच उशीर होतो. पाठवणाऱ्याला धोक्याचा इशारा मिळत नाही आणि तो रांग वाढवत राहतो. म्हणजे "एकही पॅकेट टाकू नका" हा वरवर सद्‌हेतू वाटणारा आग्रहच इथे रोगाचे मूळ आहे. गुगलने २०१६ साली मांडलेली बीबीआर ही पद्धत पॅकेट हरवण्याची वाट न पाहता विलंब आणि वेग मोजून अंदाज बांधते, त्यामुळे काही सेवांवरून डाउनलोड करताना चढ कमी दिसतो आणि काहींवरून जास्त. एकाच लाइनवर दोन संकेतस्थळांचे आलेख वेगळे दिसण्यामागे हे एक कारण असते.

आलेखातल्या निरनिराळ्या आकारांचा अर्थ काय?

सर्वांत ओळखीचा आकार पठाराचा आहे. रेषा एकदम उभी चढते, वर जवळपास सपाट राहते आणि डाउनलोड संपताच तितक्याच झटक्यात तळरेषेवर उतरते. रांग काठोकाठ भरलेली आहे आणि भरलेलीच राहत आहे, असा त्याचा अर्थ. पठाराची सुरुवात आणि शेवट घरातल्या एखाद्या कामाशी जुळतात का, हे पाहणे हा निदानाचा निम्मा भाग आहे. गेमचा अपडेट, विंडोजचा अपडेट, मोबाइलचा बॅकअप, टीव्हीवर सुरू झालेला चित्रपट यांच्या वेळा आठवून पाहाव्यात.

दुसरा आकार करवतीच्या दात्यांचा. रेषा तिरपी चढते, एकदम पडते, पुन्हा चढते. इथे एकच मोठे डाउनलोड चालू असते. पाठवणारा वेग वाढवतो, बफर भरतो, पॅकेट हरवते, तो मागे हटतो, आणि हा क्रम चालू राहतो. अनेक डाउनलोड एकत्र चालू असले की त्यांचे दाते एकमेकांत मिसळून जाड, खरबरीत पट्टा दिसतो.

तिसरा आकार म्हणजे सुटे, अरुंद सुळके, जे डाउनलोड असो वा नसो, मधूनमधून येतात. यांचा संशय मी प्रथम वायफायवर घेतो. लॅपटॉप ठरावीक अंतराने आसपासची नेटवर्के शोधतो, मोबाइल वीज वाचवण्यासाठी रेडिओ झोपवतो, शेजारच्या फ्लॅटचा राउटर त्याच चॅनेलवर बोलत असतो. सांगलीतल्या विश्रामबागसारख्या दाट वस्तीत, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींत, २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि राउटर मात्र प्रत्येक घरात असतो.

चौथा आकार संध्याकाळच्या उंचवट्याचा. आठ-साडेआठच्या सुमारास तळरेषाच हळूहळू उचलली जाते आणि रात्री अकरानंतर बसते, आणि हे घरात कोणीही काही वापरत नसतानाही होते. ही रांग आपल्या घरातली नव्हे. घरगुती फायबरच्या जीपॉन या पद्धतीत सेकंदाला २.४८८ गिगाबिटचा डाउनलोड मार्ग एका शाखेवरच्या सर्व घरांत वाटला जातो आणि एका शाखेवर ३२ किंवा ६४ घरे असणे सामान्य आहे. तरीही प्रत्यक्षात अडचण बहुधा त्या शाखेत नसते. ऑपरेटरने पुढच्या मोठ्या कंपनीकडून घेतलेली क्षमता संध्याकाळी अपुरी पडते.

आणि पूर्ण कोरी पट्टी, जिथे एकही उत्तर नाही? तिथे आधी घरातली वीज गेली होती का ते आठवावे. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी ऑपरेटरच्या मधल्या खोक्याला बॅकअप असेलच असे नाही.

सरासरी पाहावी, किमान पाहावे की कमाल?

तिन्ही पाहावेत, पण सरासरीवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. समजा दर सेकंदाला एक पिंग जाते आणि साधन पाच मिनिटांची सरासरी एका बिंदूत दाखवते. त्या ३०० पिंगांपैकी २९० दहा मिलिसेकंदांत परतल्या आणि दहा सेकंदांच्या एका डाउनलोडमध्ये बाकीच्या दहांना ५०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी येते सुमारे २६. आलेखावर तो किरकोळ उंचवटा दिसतो; फोनवर बोलणाऱ्या माणसाचे मात्र ते दहा सेकंद पूर्ण वाया गेलेले असतात.

किमान रेषा वेगळी गोष्ट सांगते. भार असतानाही किमान तळरेषेजवळच राहिले, तर रांग मधूनमधून रिकामी होत आहे आणि परिस्थिती बरी आहे. किमानसुद्धा वर उचलले गेले, तर रांग त्या अवधीत एकदाही रिकामी झालेली नाही. माझ्या मते बफरब्लोटची सर्वांत स्वच्छ खूण हीच आहे, आणि अनेक जण कमाल रेषेच्या टोकदार शिखरांकडे पाहून घाबरतात तेव्हा ते चुकीच्या रेषेकडे पाहत असतात.

किती चढ चालेल आणि किती चालणार नाही?

ते लाइनवर काय चालते यावर अवलंबून आहे. केवळ डाउनलोड आणि चित्रपट असतील तर दोनशे मिलिसेकंदांच्या चढानेही काही अडत नाही, कारण चित्रपटाचा प्रोग्राम आधीच पुढचा भाग साठवून ठेवतो. बोलण्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि त्यात आवाज नोंदवण्याचा व वाजवण्याचा वेळही धरावा लागतो. माझा ढोबळ नियम असा: भार असताना तळरेषेपेक्षा तीस मिलिसेकंदांपर्यंतचा चढ दुर्लक्षित करावा, शंभरपर्यंत सोसावा, आणि दोनशेच्या वर गेला तर उपाय करावा. गेम खेळणाऱ्या मुलांना हा नियम फारच सैल वाटेल.

डाउनलोडचा चढ आणि अपलोडचा चढ वेगळा ओळखता येतो का?

येतो, आणि हा मुद्दा जितका महत्त्वाचा आहे तितका तो कोणी लक्षात घेत नाही. अनेक योजनांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिकडची रांग अधिक लवकर आणि अधिक उंच भरते. लग्नाहून परतल्यावर घरातले चार मोबाइल वायफायला जोडले गेले की शेकडो फोटो आणि व्हिडिओ एकदम क्लाउडवर चढू लागतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामाचे कॅमेरे चोवीस तास चित्रण बाहेर पाठवत असतात. यातले काहीही "डाउनलोड" नाही, म्हणून "आम्ही तर काहीच वापरत नव्हतो" असे प्रामाणिकपणे सांगितले जाते.

कोणती बाजू तुंबली आहे हे मीटिंगमध्ये तक्रार कोण करतो यावरूनही कळते. समोरचे लोक म्हणतात की तुमचा आवाज तुटतो, आणि तुम्हाला मात्र त्यांचे नीट ऐकू येते, तर अपलोडची रांग भरली आहे. उलट असेल तर डाउनलोडची. दोन्ही दिशांच्या रांगा स्वतंत्र असतात. पिंगचा आलेख मात्र दोन्ही वेळा सारखाच चढतो.

आणखी एक गुंतागुंत अशी की डाउनलोडलाही अपलोडची गरज असते. आलेल्या पॅकेटांची पोच पाठवणाऱ्याला सतत कळवावी लागते. ही पोच अपलोडच्या तुंबलेल्या रांगेत अडकली की डाउनलोडचा वेगही पडतो. फोटोंचा बॅकअप चालू असताना वेबपाने रेंगाळतात, त्याचे कारण हे आहे.

अडचण वायफायमध्ये आहे की बाहेरच्या लाइनमध्ये, हे कसे ठरवावे?

एकाच वेळी दोन पत्त्यांना पिंग करावे. एक घरातल्या राउटरचा, जो बहुधा १९२.१६८.१.१ सारखा असतो, आणि दुसरा बाहेरचा. राउटरचाच आलेख चढत असेल तर रांग वायफायमध्ये आहे आणि ऑपरेटरला फोन करण्यात अर्थ नाही. राउटरची रेषा एक-दोन मिलिसेकंदांवर शांत असून बाहेरची चढत असेल, तर रांग राउटरच्या पुढे किंवा त्याच्या बाहेरच्या दारात आहे. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने जोडूनच तपासणी करावी. ऑपरेटरच्या तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो रास्त आहे.

मोठी योजना घेतली की बऱ्याच घरांत चिंचोळी जागा लाइनमधून उचलून वायफायमध्ये येते. दोनशे एमबीपीएसची लाइन आणि दोन भिंतींपलीकडे साठ एमबीपीएस देणारे वायफाय अशी जोडी असेल, तर रांग राउटरच्या वायफाय बाजूला लागते.

मग मोठी योजना घेतली तर प्रश्न सुटेल का?

अंशतः. बफर तेवढाच राहिला तर २० एमबीपीएसवरचे ४०० मिलिसेकंद २०० एमबीपीएसवर ४० होतात आणि डाउनलोड लवकर संपल्याने पठारही अरुंद होते. परंतु मोठ्या योजनेबरोबर ऑपरेटरच्या यंत्रात बफरही मोठा ठेवलेला असू शकतो, आणि गेमचा अपडेट कितीही रुंद लाइन भरून काढतो. दरमहा जास्त पैसे मोजण्याआधी अपलोड वेगाची चौकशी करावी. योजना बदलूनही अपलोड तेवढाच राहणार असेल, तर मीटिंगमध्ये फरक पडण्याची आशा ठेवू नये.

पॅकेट लॉसची लाल रेषा दिसली तर?

भार असताना तुरळक पॅकेट हरवणे हा बिघाड नाही. वर सांगितल्याप्रमाणे पाठवणाऱ्याला थांबवण्याचा तोच इशारा आहे. लाइन रिकामी असताना पॅकेट हरवत असतील तर मात्र ते गंभीर समजावे: वाकलेला फायबर, खराब जोड, सैल कनेक्टर यांपैकी काहीतरी आहे.

वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला पिंग करणारी साधनेही असतात, आणि त्यांत मधल्या एखाद्या टप्प्यावर चाळीस टक्के लॉस पाहून लोक हबकतात. मधली यंत्रे दुसऱ्यांची पॅकेटे पुढे नेण्याचे काम आधी करतात आणि स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतात. पुढच्या सर्व टप्प्यांवर आणि शेवटच्या पत्त्यावर लॉस नसेल, तर मधला आकडा सोडून द्यावा.

एक वेगळी शक्यताही आहे. लाइन पूर्ण भरलेली असूनही लेटन्सी अजिबात चढत नाही, पण लॉस दिसतो आणि वेग उड्या मारतो. अशा वेळी ऑपरेटरचे यंत्र मर्यादेबाहेरची पॅकेटे रांगेत न ठेवता सरळ टाकून देत असते. सपाट रेषा म्हणजे सुव्यवस्था, असे म्हणूनच मानू नये.

तपासणी नेमकी कशी करावी?

घरातले बाकीचे वापर थांबवावेत. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर राउटर आणि बाहेरचा पत्ता अशा दोन पिंग चालू ठेवून दोन मिनिटे काहीच करू नये, ही तळरेषा. मग एक मोठी फाइल मिनिट-दीड मिनिट उतरवावी, थांबावे, रेषा खाली येऊ द्यावी, आणि तेवढाच वेळ अपलोड करावा. हीच कृती एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करावी. घाई असेल तर फास्ट.कॉम किंवा ऊकलाची स्पीड टेस्ट आता भार असतानाची लेटन्सीही दाखवते. पानावर ती बारीक अक्षरांत असते आणि वेगाचा मोठा आकडा पाहून लोक पान बंद करतात. मॅकवर नेटवर्कक्वालिटी हा आदेश मिनिटाला किती फेऱ्या होतात या मापात तेच सांगतो, त्यामुळे तिथे आकडा जितका मोठा तितके चांगले.

उपाय काय? ऑपरेटरवर अवलंबून न राहता काही करता येते का?

येते. खरा उपाय म्हणजे रांगेला शिस्त लावणे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेत किती पॅकेटे आहेत हे मोजत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे पाहते. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, की ती पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा देते. त्यातूनच आलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणजे मीटिंगचे छोटे पॅकेट गेमच्या अपडेटमागे उभे राहत नाही. ती २०१२ पासून लिनक्समध्ये आहे, आणि २०१८ मध्ये तिच्या जोडीला केक ही आणखी सोयीची पद्धत आली. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर या दोन्ही एसक्यूएम (रांगेचे नियोजन) या नावाखाली मिळतात.

त्यात एक अट आहे. ही शिस्त जिथे रांग लागते तिथेच लागू पडते, म्हणून रांग आपल्या राउटरमध्ये आणावी लागते. त्यासाठी राउटरमध्ये वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवतात. शंभरपैकी दहा एमबीपीएस सोडून देणे अनेकांच्या जिवावर येते. ती मर्यादा घालण्याआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवून पाहावा आणि मग ठरवावे. अपलोडसाठी हे चोख काम करते. डाउनलोडमध्ये रांग मुळात ऑपरेटरच्या बाजूला असल्याने आपण पाठवणाऱ्याला अप्रत्यक्षच आवरतो. म्हणून सुरुवातीच्या झुंडीचा एखादा सुळका राहतो, पठार मात्र जाते. जुन्या, कमकुवत राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगावर हे काम पेलत नाही, हेही खरे.

राउटर बदलायचा नसेल तर स्टीमसारख्या गेमच्या प्रोग्रामात, विंडोजच्या अपडेटमध्ये आणि क्लाउड सिंकच्या प्रोग्रामात वेगमर्यादा घालण्याची सोय असते, ती वापरावी. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाकावा. घरातल्यांना हे पटवणे हे तांत्रिक कामापेक्षा अवघड असते.

आमच्याकडे फायबर नाही, छतावर बसवलेले ५जी एअरफायबर आहे. हेच लागू पडेल का?

आलेख वाचण्याची रीत तीच आहे, पण तळरेषा वर असते आणि मुळातच थोडी हलती असते. टॉवरवरचा भार आणि सिग्नल यांनुसार लाइनचा वेग मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे ९० टक्क्यांची एकच ठरीव मर्यादा दुपारी बरोबर आणि रात्री चुकीची ठरते. अशा जोडणीवर लेटन्सी सतत मोजून मर्यादा आपोआप खालीवर करणारी केक-ऑटोरेटसारखी साधने वापरतात. ते जमत नसेल तर रात्रीच्या सर्वांत कमी वेगाला धरून मर्यादा ठेवावी.

बाहेरून आपल्या घराला पिंग करणाऱ्या सेवा वापराव्यात का?

इथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अनेक ऑपरेटर कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा दिसला तर आपणही त्यांतलेच आहात. बाहेरून आलेली पिंग अशा वेळी ऑपरेटरच्याच यंत्रापाशी थांबते, आणि घरात कितीही डाउनलोड चालू असले तरी आलेख सपाट राहतो. तो आलेख पाहून लाइन उत्तम असल्याचा निष्कर्ष काढू नये.

ऑपरेटरला काय पाठवावे?

घरातला वापर थांबवून, केबलने जोडून काढलेला संध्याकाळचा आलेख पाठवावा आणि त्यासोबत त्याच वेळच्या राउटर-पिंगची शांत रेषा जोडावी. रिकाम्या लाइनवर तळरेषा उचललेली दिसत असेल किंवा पॅकेट हरवत असतील, तर ते काम निःसंशय ऑपरेटरचे आहे आणि पाठपुरावा करावा. स्वतःच्या डाउनलोडने आलेले पठार पाठवले तर उत्तरात स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट येणार, आणि त्यात तंत्रज्ञाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. त्याच्याकडे एवढेच विचारावे की आपल्या योजनेवर अपलोड वाढवून मिळेल का, आणि त्यांनी दिलेले यंत्र ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे राउटरचे काम त्याच्याकडून काढून घेऊन) आपला राउटर जोडता येईल का. दुसऱ्या प्रश्नाला होकार मिळाला तर बाकीचे काम आपल्या हातात येते.